जुन्या पिकअपची केबिन घरच्या घरी: पाण्याच्या वाटेपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

केबिनच्या रंगाखाली फोड दिसला की समजायचं, आतला पत्रा केव्हाच गेला आहे. पिकअपची केबिन बहुतेक वेळा आतून बाहेर सडते, बाहेरचा फोड हा शेवटचा टप्पा. म्हणून हातोडी उचलण्याआधी एक गोष्ट शोधायची: पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडून बसतं. ते सापडलं नाही, तर कितीही भारी रंग मारा, दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा फोड येणार.

खालची माहिती चेसीवर रबरी बुशांवर बोल्टने बसवलेल्या केबिनसाठी आहे. म्हणजे १९८८ मध्ये टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) आणलेली टाटामोबाइल, तिच्याच घराण्यातली २०७, महिंद्राच्या जीपवर बेतलेल्या पिकअप, आणि या जातीच्या इतर गाड्या. मापं गाडीगणिक थोडी बदलतील, कामाचा क्रम बदलत नाही.

आधी पाण्याचा माग

पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिच्या आत एक पोकळ पन्हळ आहे. तिथलं पाणी दोन्ही बाजूंनी खाली जायला भोकं असतात. गाडी चिंचेखाली उभी राहत असेल तर पाल्याचा काला होऊन ती भोकं तुंबतात आणि पाणी पायाजवळच्या कोपऱ्यात उतरतं. चालकाच्या पायाखालचा पत्रा कुजण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण काचेचं रबर. खालचे दोन कोपरे आधी कडक होतात, चिरतात, आणि पाणी रबराखालच्या पट्टीवर साचतं. तिसरं, दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं. जुन्या पेंटरने लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरताना ती बुजवलेली सर्रास सापडतात. आणि चौथं कारण म्हणजे फोम लावलेलं मॅटिंग. एकदा भिजलं की पुढचे चार महिने ते वाळत नाही.

गाडी कुठे फिरली यावरही बरंच ठरतं. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या गाड्यांच्या सांध्यांत लाल माती बसते. पाऊस महिनोन्‌महिने असल्यामुळे ती वाळायला सवडच मिळत नाही. अथणी, गोकाक, रामदुर्गकडे पाऊस कमी, पण काळी माती केबिनच्या बुशांभोवती चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. गोव्याकडून चोर्ला किंवा अनमोड घाटातून मासळी आणणारी गाडी असेल तर खाऱ्या पाण्याने केबिनची मागची भिंत खालून सहा इंच खाल्लेली असणार, हे धरूनच चाला. खताच्या पोत्यांची वाहतूक केलेल्या गाडीचंही तेच. सांडलेलं खत ओल ओढतं आणि पत्रा पोखरतं.

तपासणीला जुना पेचकस, लहान हातोडी आणि चुंबक पुरे. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. हातोडीच्या हलक्या टोल्याला चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंकेच्या जागी पेचकसाचं टोक जोर लावून दाबा. आत शिरलं तर शिरलं. भोक आता पडलं नसतं तर ग्राइंडर लावल्यावर पडलंच असतं. सापडलेली प्रत्येक जागा खडूने रंगवा आणि फोटो काढून ठेवा.

दार उघडून त्याचं मागचं टोक दोन्ही हातांनी वर उचला. बिजागरीच्या पिनेत खेळ दिसला तर काम स्वस्तात आटोपेल, पिन आणि बुश बदलले की झालं. पण पिन जागेवर राहून खांबाचा पत्राच हलत असेल तर खांब आतून गेला आहे. मग केबिन उघडावीच लागते.

हंगाम आणि जागा

आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावं. संक्रांतीपर्यंत कापणं-जोडणं उरकावं आणि रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये मारावा. एप्रिल उजाडला की वळवाचा भरवसा नाही. एका सरीत उघडा पत्रा तांबूस होतो आणि केलेली घासाई वाया जाते. जून ते सप्टेंबर रंगाचं नावच काढू नका.

परड्यातली कौलारू किंवा पत्र्याची शेड चालते. खाली फरशी किंवा घट्ट कोबा हवा, कारण मापं सपाट जमिनीवरच जुळतात. ऊसपट्ट्यात संकेश्वर, चिकोडी, रायबागकडे एक वेगळी डोकेदुखी आहे. हंगामात फडातला पाला पेटवला की काळी राख दूरवर उडते आणि ओल्या रंगावर येऊन बसते. रंगाचा दिवस ठरवण्याआधी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारलेलं बरं.

विजेचं पाहा. गावात शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि को-टू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) वेल्डिंगची तार फडफडायला लागते. मोटारी बंद असतील ती वेळ वेल्डिंगला ठेवा. एक्स्टेंशनची वायर किमान २.५ चौरस मिमी, लांब असेल तर ४ ची. काम करताना ती पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर तापते आणि वितळते.

सामान

एका केबिनला साधारण लागतं ते असं. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा ८ बाय ४ फुटांचा एक. त्याचं वजन २८ किलोच्या आसपास भरतं, आणि फरशीला तो पुरून उरतो. दारं आणि बाहेरच्या अंगाला २० गेजचा, ०.९ मिमी, अर्धा पत्रा. खांब आणि बुशांच्या जागी १६ गेज किंवा २ मिमीचे तुकडे. जीआय पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात.

०.८ मिमी वेल्डिंग तारेचं ५ किलोचं रीळ, चार इंची १ मिमी कटिंग व्हील वीसेक, ६० नंबरच्या फ्लॅप डिस्क सहा-आठ. इपॉक्सी प्रायमर हार्डनरसह (घट्ट करणाऱ्या रसायनासह) २ लिटर, लांबी २ ते ३ किलो, सरफेसर (रंगाखालचा भरीव थर) २ लिटर, रंग ३ लिटर, थिनर ८ ते १० लिटर. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच्या ३१० मिलीच्या चार ट्यूब, कॅव्हिटी वॅक्सचे (पोकळ्यांत मारायच्या गंजरोधक मेणाचे) ५०० मिलीचे तीन-चार कॅन. पत्रा कापून, प्रेसवर वाकवून घ्यायला बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छे, निपाणी-संकेश्वरकरांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ. ८ फुटी सरळ घडी घरी हातोडीने मारण्याच्या फंदात पडू नका. प्रेसवर ती मिनिटात होते आणि सरळ होते.

उघडणं

बॅटरी सोडा, अल्टरनेटरचा प्लग काढा. मग सीट, मॅटिंग, दाराचे आतले पुठ्ठे, डॅशबोर्ड, काचा. स्क्रू-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीत कुठला ते लिहिलेली चिठ्ठी. वायरिंगला कापडी पट्टीची लेबलं लावा. शाईची खूण डिझेलने पुसली जाते.

पुढच्या काचेचं रबर वाचवायचा मोह नको. आतल्या बाजूने ब्लेडने रबर कापा आणि काच दोघांनी मिळून बाहेर ढकला. जुन्या रबरासकट ओढली तर लॅमिनेटेड काच कोपऱ्यात तडकते.

डिझेलची टाकी केबिनच्या मागे किंवा खाली असेल तर ती काढून शेडबाहेर ठेवा. नुसती रिकामी करून भागत नाही. टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. ब्रेकचे पाइप आणि वायरिंगचा जुडगा वेल्डिंगच्या जागेपासून बाजूला बांधा. केबिनखाली मारलेला डांबरी थर वेल्डिंगच्या जागेपासून हातभर खरवडून काढा, तो पेटतो. जवळ ४ ते ६ किलोचं एबीसी अग्निशामक, पाण्याच्या बादल्या आणि ओली गोणपाटं. वेल्डिंग थांबवल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायला हवं. आग बहुधा सगळे जेवायला गेल्यावर लागते.

केबिन वाकू देऊ नका

घरगुती कामात सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. फरशी आणि दाराखालची पेटी एकदम कापली की केबिन उघड्या खोक्यासारखी सैल होते. छताच्या वजनाने दाराची चौकट तिरकी होते, आणि नवा पत्रा जोडला की ती तिरकीच पक्की होऊन बसते. मग दार कधीच बसत नाही.

म्हणून कापण्याआधी केबिन चेसीवर, तिच्या बुशांवर असू द्या आणि दारं बसवलेली ठेवा. बुश चपटे झाले असतील तर ते आधी बदला. दार बंद करून चारी बाजूंचा गॅप मोजा. ५ ते ६ मिमी, वरपासून खालपर्यंत एकसारखा हवा. जिथे बिघडला आहे तिथे आधी शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून, बिजागरी सरकवून दुरुस्त करा. मग दार काढून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे खांबावरच मार्करने लिहा. आता १ इंची चौकोनी पाइप, १६ गेजचा, चौकटीत आडवा आणि तिरका टॅक करून (वेल्डच्या छोट्या टिपक्यांनी पकडून) घ्या. दोन्ही दारांच्या चौकटींना एकमेकींशी जोडणारा एक आडवा पाइप केबिनच्या आतून द्या. एवढं झाल्यावर एका वेळी एकच बाजू कापायची. डावी पूर्ण जोडून, मापं पुन्हा तपासून झाल्याशिवाय उजवीला ग्राइंडर लावायचा नाही.

जुना रंग काढताना

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. त्यामुळे कोरडं घासताना चांगल्या प्रतीचा मास्क घाला आणि धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलांना शेडपासून लांब ठेवा. छत, दाराचं अंग, बॉनेट अशा मोठ्या सपाट पत्र्यावर फ्लॅप डिस्क दाबून चालवली की पत्रा तापून फुगतो. तिथे पेंट रिमूव्हर लावून खरवडा, उरलेलं स्ट्रिप डिस्कने हलक्या हाताने काढा. रिमूव्हरचा अंश पाण्याने आणि थिनरने पूर्ण धुवायला विसरलात, तर नवा रंग त्याच जागी सुटतो.

बेळगावात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे शॉट ब्लास्टिंगची (छर्ऱ्यांच्या माऱ्याने पत्रा साफ करण्याची) सोय हाताशी आहे आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. कास्टिंगसाठी वापरतात ते पोलादी छर्रे ०.९ मिमीच्या पत्र्यावर पडले की पत्रा ताणला जातो, आणि दाराचं अंग लाटालाटांचं होऊन परत येतं. ब्लास्टिंग करायचं तर फक्त बिजागऱ्या, बुशांचे ब्रॅकेट, फरशीच्या आडव्या पट्ट्या आणि सीटच्या चौकटीचं करा. बाहेरचं अंग तिकडे पाठवूच नका.

कापणं आणि पॅच

दिसणाऱ्या गंजाच्या पलीकडे २० ते २५ मिमी चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. कागदासारख्या पातळ झालेल्या कडेला वेल्ड धरत नाही, नुसतं भोक मोठं होत जातं. पत्रा अजून किती उरला आहे हे व्हर्नियरने मोजा. मूळ १.२ चा ०.८ झाला असेल तर तो कापायचाच.

पॅचचा नमुना आधी पुठ्ठ्याचा करा. घड्या, वळणं सगळी पुठ्ठ्यावर बसवा आणि मग पत्र्यावर उतरवा. पॅचचे कोपरे १० ते १५ मिमीच्या गोलाईने कापा. काटकोनी कोपऱ्यावर ताण गोळा होतो आणि खडबडीत रस्त्यावर तिथूनच चीर पडते.

फरशीत उभ्या नाळ्या असतात त्या शोभेसाठी नसतात. सपाट पॅच टाकला तर पायाखाली पत्रा डबडबतो आणि इंजिनाच्या धडधडीने वेल्ड फुटतो. नाळी घरी करता येते. बाभळीच्या जाड ठोकळ्यात २० मिमी रुंद, ६ मिमी खोल खाच पाडायची, पत्रा त्यावर शिकंज्यात घट्ट पकडायचा आणि १२ मिमीची गोल सळई खाचेवर ठेवून हातोडीने ठोकत न्यायची. एका फटक्यात खोली गाठू नका. टोकापासून टोकापर्यंत तीन-चार फेऱ्या करा, नाहीतर पत्रा एका बाजूला ओढला जातो. नाळी मारली की पत्रा थोडा आखडतो. म्हणून पॅच शेवटच्या मापाला नाळी मारल्यावर कापायचा.

बुशाच्या जागेचा पॅच करताना बोल्ट भोकातून घालून ठेवूनच पॅच बसवा. भोक नंतर अंदाजाने पाडलं तर ३-४ मिमीचा फरक पडतो आणि सगळी केबिन तिरकी होते.

जोडणी

०.९ आणि १.२ मिमीच्या पत्र्याला साधी आर्क वेल्डिंग लावू नका. रॉड भोकं पाडतो. गॅस वेल्डिंगने जुने कारागीर उत्तम काम करतात, पण उष्णता फार पसरते आणि नवख्या हाताला पत्रा वाकवतो. घरी सोपी पडते ती को-टू, म्हणजे मिग: ०.८ ची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं ८०-२० मिश्रण, गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर. १ मिमीच्या पत्र्याला साधारण ४० ते ७० अँपिअर. आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर सराव करा. मागच्या बाजूला बारीक उंचवटा दिसला पण भोक नाही, तर सेटिंग बरोबर.

बाहेरच्या अंगावर पॅच टोकाला टोक लावून जोडा, मध्ये अर्धा ते एक मिमी फट ठेवून. एकावर एक चढवून जोडलेला सांधा लवकर होतो हे खरं, पण दोन पत्र्यांमध्ये पाणी धरतो आणि काही वर्षांत पुन्हा सडतो. फरशीला, जिथे आतून-बाहेरून सील करता येतं, तिथे चढवलेला सांधा चालतो.

आधी चार कोपऱ्यांना टॅक, मग प्रत्येक बाजूच्या मधोमध, मग त्यांच्या मध्ये. टॅकमधलं अंतर २५-३० मिमीवर आलं की टॅक जोडत न्यायचे, पण कधीही सलग नाही. एक टॅक डाव्या टोकाला, पुढचा उजव्या, तिसरा मध्ये. हात लावता येईल एवढा पत्रा थंड झाल्याशिवाय त्याच भागात परत यायचं नाही. पाणी ओतून थंड केलेला वेल्ड आखडतो आणि पत्रा ओढतो. घाई इथेच नडते: अर्ध्या तासात संपवलेला सांधा नंतर दोन किलो लांबी मागतो.

मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं दर ४० मिमीवर पाडा आणि भोकातून वेल्ड भरा. दोन पत्रे शिकंज्याने एकमेकांना पूर्ण चिकटलेले हवेत, नाहीतर वेल्ड वरच्या भोकाच्या कडेलाच अडकतो. जोडण्याआधी आतल्या समोरासमोरच्या बाजूंना जस्ताचा वेल्डेबल प्रायमर मारा. ती जागा पुन्हा कधी हाताला येणार नाही.

ग्राइंडिंग करताना फक्त वेल्डचा उंचवटा खाली आणायचा, शेजारचा पत्रा नाही. पत्रा निळा पडला की थांबा. शेवटी रात्री शेडमधला दिवा बंद करून केबिनच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून सांधा पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं ठिपक्यांसारखी दिसतात. ती वेल्डनेच बुजवायची, लांबीने नाही.

दाराचा तळ

दार बहुतेक खालच्या ३-४ इंचांत सडतं, कारण बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर घडी घालून बसवलेला असतो आणि पाणी त्या घडीत अडतं. सडका भाग सरळ आडवा कापून नवी पट्टी लावायची. पण सांधा कुठे घ्यायचा ते महत्त्वाचं. सपाट अंगाच्या मधोमध घेतला तर उष्णतेने संपूर्ण दार लाटांचं होतं. दाराला जी ठसठशीत दुमड असते तिच्या लगेच खाली घ्या, तिथे पत्रा ताठ असतो. पट्टीची खालची घडी प्रेसवर ९० अंशांत वाकवून आणा, दारावर बसवून मग हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पूर्ण दुमडा. घडी दाबण्याआधी आत सीलंटचा बारीक पट्टा घाला आणि निचऱ्याची तीन भोकं मोकळी ठेवा. भोकं बुजली तर नवं दार जुन्याच मरणाने मरतं.

पोचे आणि लांबी

पोचा काढताना डॉली आतून कडेला धरा आणि हातोडी बाहेरच्या उंचवट्यावर मारा. म्हणजे डॉलीच्या बरोबर वर नाही, शेजारी. थेट डॉलीवर मारत राहिलं की पत्रा पातळ होऊन ताणला जातो आणि बोटाने दाबल्यावर टपकन आत-बाहेर होतो. असा ताणलेला पत्रा आखडायचा तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा गॅसने लालभडक करून चौफेर हलके टोले द्यायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायची. सलग दोन-तीन ठिकाणांपेक्षा जास्त एका वेळी नको.

मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पूर्ण वाळल्यावर १२० ते १८० नंबरने घासून त्यावर लांबी. थेट उघड्या पत्र्यावरही लांबी धरते, पण ती पाणी शोषते. खाली प्रायमर असला की ते पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही. याच कारणासाठी लांबी कधीही पाण्याने घासायची नाही आणि रात्रभर उघडी ठेवायची नाही.

हार्डनर २ टक्के, म्हणजे पाव किलो लांबीला ५ ग्रॅम. उन्हाळ्यात लवकर घट्ट होते म्हणून हार्डनर कमी करण्याऐवजी लांबीच कमी कालवा, चार-पाच मिनिटांत संपेल एवढी. जास्त हार्डनर घातला तर त्याचे डाग पांढऱ्या किंवा फिक्या रंगातून महिन्याभराने वर येतात. कालवताना फेटू नका, पसरवून दुमडा. फेटलं की हवा शिरते आणि टाचणीची भोकं पडतात. घासून झाल्यावर थर ३ मिमीपेक्षा जाड उरत असेल तर तिथे पुन्हा हातोडीचं काम आहे. घासाई ८० पासून १८०, मग २४०. लांब लाकडी ठोकळ्यावर कागद लावूनच. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीच्या नाळ्या पडतात, आणि त्या चकाकी आल्यावरच दिसतात.

सांधे बंद करणं

प्रायमरनंतर, रंगाआधी, सगळ्या सांध्यांत पीयू सीलंट. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सिलिकॉन स्वस्त असला तरी गाडीच्या जवळ आणू नका. आंबट वासाचा सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतो, ते पत्रा गंजवतं. वर कोणताही रंग त्यावर धरत नाही, आणि त्याचा अंश हाताला लागून दुसरीकडे गेला तर तिथे माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

रंग

सरफेसरचे दोन-तीन हात, त्यावर काळ्या पावडरचा पातळ फवारा. ४०० नंबरने घासताना काळं उरलं तो खड्डा, लगेच धातू दिसला तो उंचवटा. शेवटची घासाई पाण्याने ८०० नंबरवर.

कामाच्या जुन्या गाडीला सिंथेटिक एनॅमल शोभतो आणि खरचटलेलं दुरुस्त करणं सोपं जातं. वाळायला मात्र दिवस लागतो आणि तोवर धूळ बसते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पटकन वाळतो, पण थर पातळ आणि पॉलिश मागतो. जुन्या एनॅमलवर थेट एनसी मारू नका. त्याच्या थिनरने खालचा थर सुरकुततो. हार्डनरवाला पीयू रंग सगळ्यात टिकाऊ, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा दमा देऊ शकतं. साधा कोळशाचा मास्क त्यासाठी पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा लागतो. तो नसेल तर घरी सरफेसरपर्यंतच काम करा आणि शेवटचा रंग बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. यात कमीपणा नाही.

घरी मारणार असाल तर कॉम्प्रेसर २ एचपीचा, १०० लिटर टाकीचा, मध्ये पाणी अडवणारा फिल्टर. सरफेसरला १.७-१.८ मिमीचं नोझल, रंगाला १.३-१.४. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला २ बारच्या आसपास दाब, अंतर वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. पहिला हात नुसता धुक्यासारखा, १०-१५ मिनिटं थांबून दोन ओले हात. संत्र्याच्या सालीसारखं दिसलं तर रंग जाड किंवा गन लांब. ओघळ आले तर गन जवळ किंवा हात सावकाश. बारीक बुडबुडे आले तर आधीचा हात वाळण्याआधी पुढचा मारला.

थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतं, त्यामुळे दहा-साडेदहानंतर सुरू करा आणि चारच्या आत थांबा. दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी साय येते, ती याच घाईची खूण. फरशीवर पाणी मारून धूळ बसवा, पंखा लावू नका.

रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर पासिंगला अडतं. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळे जुन्या जीपला लष्करी हिरवा मारायची हौस इथे फार. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो ऑलिव्ह हिरवा फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना आहे, खाजगी गाडीला नाही. चेसी नंबरवर आणि कंपनीच्या पट्टीवर ग्राइंडर, लांबी, रंग काहीही जाऊ देऊ नका. आधीच टेप लावा. केबिनच्या कपाळावर मराठी-कन्नड दोन्ही अक्षरांत लिहिलेलं यल्लम्मा देवीचं नाव असेल तर रंग खरवडण्याआधी त्याचा सरळ समोरून, मोजपट्टी धरून फोटो काढा. अक्षरं लिहिणाऱ्याला तेवढ्यावरून तंतोतंत उतरवता येतं.

काच आणि पोकळ्या

काच बसवण्याआधी तिच्या पट्टीवर बोट फिरवा. वेल्डचा एखादा उंचवटा राहिला असेल तर काच बसेल, पण खराब रस्त्यावर काही दिवसांत तिथूनच तडकेल. तो घासून रंगवा. नवं रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत ५ मिमीची नायलॉन दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यभागी. साबणाचं पाणी लावा. बाहेरून एकजण तळहाताने दाबणार, आतून दुसरा दोरी हळूहळू ओढणार. रबराची ओठी दोरीबरोबर पट्टीवर चढत जाते.

सीट आणि मॅटिंग बसवण्याआधी केबिनमध्ये वर्तमानपत्रं पसरा आणि नळी लावा. आधी दाराचा तळ, मग काचेचे कोपरे, शेवटी छत, प्रत्येक जागी दहा मिनिटं. खालून वर जायचं, म्हणजे कागद भिजला की गळती कोणत्या उंचीवरची ते कळतं. सगळं कोरडं निघाल्यावर खांब, दाराखालची पेटी आणि दारांच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा. निचऱ्याच्या भोकांतून तो थेंब थेंब गळायला लागला की पुरे, पण भोकं तारेने मोकळी करा. जळकं इंजिन ऑइल ओतायची जुनी पद्धत टाळा. ते रबर फुगवतं, आणि पुढे कधी तिथे वेल्डिंग करावं लागलं तर पेट घेतं.

केबिनच्या बुशांचे बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नवं रबर दबल्यामुळे ते सैल होतात, आणि सैल बोल्टावर नाचणारी केबिन सगळ्यात आधी नव्या वेल्डलाच चीर पाडते.